जाऊबाईंची अर्धवट पुस्तकं

पुस्तक अर्धवट सोडायची लाज माझ्या मोठ्या जाऊबाईंना कधी वाटली नाही. वीस पानं वाचायच्या, पुस्तक मिटायच्या आणि म्हणायच्या, "चांगलं असन बाई, पण माह्याशी बोलून नाही राह्यलं." बस्स, दुसऱ्या दिवशी ते वाचनालयात परत! मी मराठीची एम.ए., शाळेत शिक्षिका. हाती घेतलेलं पुस्तक काढा प्यावा तसं तळापर्यंत संपवणारी. आणि या सातवी पास. त्यांना जाऊन वर्ष होत आलं, तरी माझी जळजळ गेलेली नाही. खोटं कशाला बोलू?

अकोल्याच्या घरात त्या खाली, आम्ही वर. दर शनिवारी त्या वाचनालयात जायच्या. ना पुस्तकाचं नाव बघायचं, ना लेखकाचं. मधलंच पान उघडून उभ्या उभ्या वाचायचं. पाय दुखताहेत असं जाणवलं की पुस्तक परत फळीवर. जाणवलंच नाही, तर ते घरी यायचं. इतरांना कपाटाशी जाता येत नाही म्हणून ग्रंथपाल वैतागायचे. मी एकदा जाऊबाईंना उत्तम पुस्तकांची यादी करून दिली, चांगली वर्गवारीसकट. त्यांनी ती कौतुकाने पूर्ण वाचली आणि विचारलं, "यातलं तू कोणतं दोनदा वाचलं?" मी यादी वरून खाली चाळली; दोनदा वाचलेलं एकही नव्हतं.

हेही मी सोसलं असतं हो. पण माझी मुक्ता! माझ्या हातात पुस्तक दिसलं की पोरीला जांभई यायची. तीच पोरगी खाली मोठीआईशेजारी, म्हणजे जाऊबाईंशेजारी, पालथी पडून तासन्तास वाचायची. दोघी खिदळायच्या. मी जिन्यात उभी राहून ऐकायचे. खाली उतरले की दोघी गप्प, कारण मी आता 'यातून काय शिकलीस' असं विचारणार, हे त्यांना पक्कं ठाऊक. माझी लेक, आणि तिच्या हसण्यात मला वाटा नाही!

एकदा दोघींनी मिळून एक रहस्यकथा वाचायला घेतली होती. मुक्ता जेवतानाही तिच्याबद्दलच बोलायची, तेही मोठीआईशी. मी ती आधी वाचलेली. मला राहवलं नाही. मेथी निवडता निवडता सहज म्हटल्यासारखं म्हटलं, की खून दिवाणजीने केलाय. मुक्ता रडत वर निघून गेली, दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. जाऊबाई मात्र शांत. म्हणाल्या, "बरं झालं. आता पाहू दे मले, तो मेला इतके दिवस साळसूद कसा राह्यला ते." आणि पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा सुरू! दोन दिवसांनी मुक्ताही त्यांच्या शेजारी जाऊन बसली. माझा डाव माझ्याच गळ्यात.

पुढे मुक्ता नोकरीला पुण्याला गेली. इकडे साखरेच्या आजाराने जाऊबाईंची नजर गेली. मग रोज संध्याकाळी सातला मुक्ताचा त्यांना फोन, अर्धा तास वाचन. मला आठवड्यातून एकदा, 'जेवलीस का' एवढ्यापुरता. मत्सर करू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांनी माझ्या जागी येऊन बघावं.

एका संध्याकाळी, सात वाजायच्या आत, जाऊबाई म्हणाल्या की आज तू वाच. माझी कीव आली असणार. मी चष्मा पुसला, सुरुवात केली आणि तिसऱ्याच ओळीला थांबून लेखिकेला काय सुचवायचंय ते सांगू लागले.

"समजावू नको न, शोभा," त्या म्हणाल्या. "वाच."

वाचत गेले. गोष्टीतली बाई घर सोडून निघाली होती. दारापर्यंत आली, परत फिरली, पुन्हा पिशवी उचलली. जाते की नाही ही? माझाच जीव खालीवर होऊ लागला. जाऊबाईंचा डोळा लागलाय हे दिसत होतं, तरी मी मोठ्याने वाचतच राहिले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मुक्ताचं नाव. जाऊबाई दचकून जाग्या झाल्या.

"कोण आहे?"

मी फोन बंद करून बाजूला सारला.

"कोणी नाही," म्हटलं आणि पान उलटलं.