मागच्या दाराची गोष्ट

हे मी आजवर कुणाशी बोलले नाही. लेकीशी नाही, बहिणीशी नाही — आणि ज्या दोघांना सांगायला हवं होतं, त्यांच्याशी तर नाहीच. ती दोघंही आता नाहीत. म्हणून सोपं झालं असेल, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. मलाही तसंच वाटतं.

सुरुवात कुठून करू? माझ्या यजमानांपासून करते. जन्मभर मी त्यांना 'हे'च म्हणत आले, इथंही तसंच लिहिते. हे नगरच्या एका शाळेत गणित शिकवायचे. मी कॉलेजात ग्रंथपाल होते. सावेडीत आमचं घर — दोन खोल्या माणसांच्या, एक पुस्तकांची. गेल्या वर्षी हे गेले. तेव्हापासून संध्याकाळी मी त्या पुस्तकांच्या खोलीत बसते, आणि खरं सांगायचं तर — बरं वाटतं. दुःख आहे, पण ते आता घरातल्याच माणसासारखं आहे. आपल्या जागी बसून असतं.

यांना एक वेड होतं. बॅबिलोनची चंद्रग्रहणं. हसू नका — कुणी टपाल तिकिटं जमवतं, हे ग्रहणं जमवायचे. अडीच हजार वर्षांपूर्वी तिथले लेखनिक ओल्या मातीच्या पाटीवर काडीनं टोचून लिहायचे: अमक्या राजाच्या राज्याचं अमुक वर्ष, अमुक महिना, सूर्य मावळल्यावर इतक्या वेळानं चंद्र झाकायला लागला, इतका झाकला. आता राजाचं सातवं वर्ष म्हणजे आपलं कुठलं, हे कसं कळावं? पण ग्रहणं गणितानं मागं मागं मोजत नेता येतात. पाटीवरच्या खुणा ज्या ग्रहणाशी जुळल्या, ते सापडलं की राजाचं ते वर्ष पक्कं झालं. आणि एक पक्कं झालं की त्याच्या मागचे-पुढचे राजे आपापल्या पाटावर येऊन बसतात. "राजाच्या भाटानं काय वाट्टेल ते लिहिलं असेल," हे म्हणायचे, "चंद्राला भाट नव्हता ना!"

त्यातही यांना सगळ्यात आवडायच्या त्या पाट्या, ज्यांवर लेखनिकानं लिहिलं होतं — ढग होते, पाहिलं नाही. एवढंच. हे अगदी खुलून जायचे. "अगं, पाहिलं म्हणून ठोकून दिलं असतं, तर कोण विचारणार होतं त्याला?"

"तुम्ही," मी कणीक मळता मळता म्हणायचे. "विचारताय ना अजून?"

हे हसायचे. मीही हसायचे. मला हसता येत होतं — हे मुद्दाम सांगते. तुम्हाला वाटेल, मी आतून जळत असेन. नव्हते. ज्या गोष्टीची कबुली द्यायला बसले आहे, तिनं माझी झोप एकदाही उडवली नाही. आमचा संसार सुखाचा झाला. खोटं पोटात ठेवून माणूस इतकं सुखी राहू शकतं? राहतं. मी राहिले.

तर — यांना एकच शंका छळायची. त्या लेखनिकांकडे घड्याळ नव्हतं, पाण्यावर काळ मोजायचे. मग नुसत्या डोळ्यांनी पाहून त्यांनी लिहिलेल्या वेळेवर विसंबायचं किती? हे म्हणाले, आपणच करून पाहू. लग्नात मुहूर्ताला पाण्यात सोडतात ती घटिकेची वाटी तुम्ही पाहिली असेल. बुडाला बारीक भोक, पाणी भरत आलं की बुडते. तशा तीन वाट्या यांनी तांबटाकडून करून घेतल्या. एक स्वतःला. एक संगमनेरला, शाळेत शिकवणाऱ्या यांच्या मित्राला. आणि एक मला. घड्याळाकडे बघायचं नाही. सूर्य बुडाला की वाटी सोडायची, बुडाली की काढून पुन्हा सोडायची, आणि ग्रहणाचा स्पर्श झाला तेव्हा, सुटलं तेव्हा, वाटी कितव्यांदा बुडत होती ते सांगायचं.

मी त्या वेळी माहेरी होते, देवळाली प्रवऱ्याला. सातवा सरला होता, पहिलं बाळंतपण. आमचं घर उसाच्या कडेला. वडील कारखान्यावर, आई घर आणि गुरं बघायची. आमच्याकडे ग्रहण पाळतात. पोटुशीनं तर पाळायचंच — बाहेर यायचं नाही, चिरायचं नाही, शिवायचं नाही, जेवायचं नाही. चंद्राकडे पाहिलं तर बाळाचा ओठ फाटतो, कान तुटतो. यांना हे ठाऊक होतं. वाटी माझ्या पिशवीत ठेवताना म्हणालेही, "आई जाऊ देतील ना गं अंगणात?" मी म्हटलं, मी काय अडाणी आहे?

ग्रहण झालं. आठवडाभरानं हे एसटीनं आले. चपला काढायच्या आधीच विचारलं, "किती बुडाल्या?"

मी सांगितलं. न अडखळता सांगितलं. स्पर्श इतक्याव्या वाटीला, मोक्ष इतक्याव्या.

मी काही पाहिलं नव्हतं. भिंतीवरच्या कॅलेंडरात ग्रहणाच्या वेळा छापलेल्या असतात, सूर्यास्तही असतो. मधल्या वेळाला घटिकेच्या चोवीस मिनिटांनी भागलं, आणि डोळ्यांनी पाहिल्यासारखं वाटावं म्हणून एकीकडे पाव वाटी वाढवली, दुसरीकडे कमी केली. ग्रंथपालाचं काम — नीट केलं.

हे इतके आनंदले! "आणि आई? आईंनी सोडलं तुला?" मी नुसती हसले. शपथेवर सांगते, एक शब्द बोलले नाही. त्या हसण्यावर यांनी सगळी गोष्ट रचली. यांच्या सासूबाईंनी, म्हणजे माझ्या आईनं, पुढच्या दाराला कडी घातली, आणि ही सात महिन्यांची पोटुशी मागच्या दारानं वाटी घेऊन पसार! चार दिवसांत ती गोष्ट यांची झाली. महिन्याभरात खरी झाली.

पुढं यांनी एका लहानशा मासिकात लेख लिहिला. माझे आकडे गणिताशी सुंदर जुळत होते. का जुळणार नाहीत? गणितातूनच तर आले होते. संगमनेरच्या मित्राचे मात्र बरेच चुकले होते. त्यानं प्रामाणिकपणे कळवलं होतं की मध्ये ढग आले, नक्की सांगता येत नाही. यांनी त्याचे आकडे गाळले. "त्याचं लक्ष गप्पांत असणार," म्हणाले. तो बिचारा पुढं घरी यायचा तेव्हा मला म्हणायचा, "वहिनी, तुमच्या डोळ्यांपुढे आमचा चष्मा फिका!" मी त्याला चहा द्यायचे. लेखाचा निष्कर्ष असा, की लक्ष देणारा डोळा फारसा चुकत नाही. फार कुणी वाचला नाही तो. माझ्या खोट्यानं बॅबिलोनच्या एकाही राजाचं वर्ष हललेलं नाही, एवढं खरं. पण यांना जे जाणून घ्यायचं होतं, ते यांना कधीच कळलं नाही. कळलं असं वाटत राहिलं.

इथवर सांगणं तसं अवघड नव्हतं. आता अडखळते आहे.

सावेडीतच एकदा यांचं व्याख्यान होतं. आई तेव्हा आमच्याकडे आली होती. जावई बोलणार म्हणून ठेवणीतलं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली. आणि बोलता बोलता यांनी ती गोष्ट काढली — कडी, मागचं दार, आत "अगं सुमे, बाळाचा कान तुटंल" म्हणून ओरडणारी सासू. यांना नकला छान यायच्या. सभागृह खोखो हसलं. यांच्या मनात काही वाईट नव्हतं हो. शेवटी यांनी आईकडे हात करून नमस्कारही केला. त्यावर लोक आणखी हसले.

बाहेर पडताना एका बाईंनी आईला गाठलं. "काय आजी, पळाली ना पोरगी? कान तुटला का मग नातीचा?"

मी आईच्या शेजारीच होते. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग त्या बाईंना म्हणाली, "व्हय की! लई हट्टी हाय ती. माजं ऐकतीय व्हय?"

रिक्षात ती एवढंच बोलली, "मास्तर बोलत्यात मातर ग्वाड." परत तो विषय तिनं मरेपर्यंत काढला नाही. मीही नाही.

मग ती गेली. तेव्हा तरी यांना सांगायचं? नाही सांगितलं. यांच्या शेवटच्या आजारात, एका दुपारी, लेक पायाशी बसली होती, हे म्हणाले, "सुमन, ती मागच्या दाराची गोष्ट सांग ना हिला. तुझ्या तोंडून." आजवर ती मी कधी सांगितली नव्हती, नुसती हसले होते. त्या दुपारी सांगितली. पहिल्यापासून शेवटपर्यंत. आई कशी उंबऱ्यात आडवी बसली, तेही घातलं — ते यांच्याही गोष्टीत नव्हतं. हे ठसका लागेपर्यंत हसले. लेक म्हणाली, "आजी पण ना!"

घडलं होतं ते असं.

दुपारपासून आईनं अंगणात सडा टाकला होता. घंगाळ घासून पाण्यानं भरलं, मला बसायला पाट मांडला. सूर्य बुडाला. वाटी मीच सोडली. उसाच्या वर चंद्र आला — एवढा मोठा, शेंदरी. मी बसले होते, वाट बघत. आणि पोटात बाळ फिरलं. रोजच फिरायचं. पण मी उठले.

"आगं बस की," आई म्हणाली. "मास्तरांना सबूद दिलायस न्हवं? मी हाय हितं. तुला कायबी हुनार न्हाई."

"मला न्हाई बघायचं, आई."

"आगं, त्ये शिकल्यालं मानूस. त्येनी सांगितलंय तर कायतरी आसंलच त्यात. बस."

मी आत गेले. कडी मी घातली — आतून. तुळशीचं पान दुधात टाकलं, हात मांडीवर ठेवले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

बाहेरून तिचा आवाज आला, "मग वाटीकडं कोन बघनार?"

मग तीच म्हणाली,

"बरं. मी बघते."

जन्मात एक ग्रहण मोडलं नव्हतं त्या बाईनं. ती बाहेर बसली. वाटी काढायची, सोडायची. पाण्याचा आवाज मला आत ऐकू यायचा. मी कानांवर हात ठेवले. गल्लीतून 'दे दान, सुटे गिराण' ओरडत माणसं गेली, मग तिनं दार वाजवलं. मी उघडलं. कोपरापर्यंत भिजलेली, कुडकुडत, उंबऱ्यापलीकडूनच तिनं मला सांगितलं — लागलं तेव्हा किती, सुटलं तेव्हा किती. "मधी वासरू सुटलं, तवा येखादी बुडी हुकली आसंल. तसं सांग मास्तरांना."

मी हो म्हटलं.

यांना हवा होता तसा तो आकडा होता: घड्याळ नसलेल्या माणसानं, डोळ्यांनी पाहिलेला, चुकला असेल तर चुकलेला. मला वाटलं, आईचं मोजणं ते काय मोजणं. मी कॅलेंडर उघडलं.

आता या खोलीत बसून ते आठवायचा प्रयत्न करते. तिचा ओला पदर आठवतो, आवाज आठवतो. तिनं काय आकडे सांगितले ते आठवत नाहीत. आठवणार कसे? मी ते ऐकून घेतलेच नव्हते.