पत्र्याखालच्या बाटल्या

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चौथीनंतर कुणी तपासलं नाही, तेवढं सांभाळून घ्या. मॅडमचं मात्र लिहायलाच हवं.

जंतू वाढवायच्या उबदार कपाटाचं दार उघडण्याआधी मॅडम त्यावर टकटक करायच्या. "येऊ का?" असं विचारायच्या. पोरंपोरी तोंडावर हात धरून हसायची. मॅडम म्हणायच्या, "हसा. दुसऱ्याच्या घरात शिरताना विचारावं."

मी एका कॉलेजात काचेची भांडी धुते. मॅडम तिथं जंतूंवर संशोधन करायच्या. मी भांडी घासत असताना त्यांनीच एकदा सांगितलं, की काही जंतूंच्या पोटात एक विषाणू झोपलेला असतो. पिढ्यान् पिढ्या. जंतूला त्याचा त्रास नसतो. "पण जंतूचे हाल झाले, ऊन लागलं, उपासमार झाली, की हा उठतो. आपली पिलावळ वाढवतो आणि घर फोडून बाहेर पडतो."

"असला भाडेकरू नको बाई," मी म्हटलं. मॅडम इतक्या हसल्या की त्यांना चष्मा पुसावा लागला.

आपल्याकडे गढूळ पाणी वाईट. तिथं उलटं. बाटली गढुळली म्हणजे आत जंतू खुशाल वाढताहेत.

एका उन्हाळ्यात प्रयोगशाळेला रंग द्यायला काढला, म्हणून बाटल्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत नेल्या. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर सगळ्या नितळ. जंतू फुटून मेलेले. मॅडमची बरीच मेहनत त्यात गेली.

विभागाचे मोठे सर वर आले. "भांड्यांना साबण राहिला असणार. ह्या मावशींना बदला."

माझं घर या पगारावर चालतं. तेवढ्यात मॅडमनीही विचारलं, "मावशी, विसळायचं राहिलं का हो?"

सरांचं बोलणं लागलं नाही, हे लागलं. "नाय," एवढंच म्हटलं आणि घरी आले.

दोन-तीन दिवसांनी मुकुंदवाडीत आमच्या गल्लीत मॅडमची स्कूटी उभी. शेजारीण ओरडली, "अगं ए, तुझ्याकडं कोण बाई आल्यात बघ!" दार सताड उघडं होतं, तरी मॅडमनी टकटक केली.

"मावशी, चूक माझी. तुम्ही धुतलेल्याच बाटल्या घेतल्या. सगळ्यांत तेच जंतू वाढवले. निम्म्या गार खोलीत ठेवल्या, निम्म्या पत्र्याखाली. गार खोलीतल्या गढूळ राहिल्या, पत्र्याखालच्या नितळ झाल्या. साबण नव्हता हो, ऊन होतं. आतलाच विषाणू उठला. जन्मभर पोरांना हेच शिकवते, आणि मलाच सुचलं नाही."

"लई तापतो तो पत्रा," मी म्हटलं.

"मी विचारलं तेव्हा हे बोलला का नाहीत?"

"तुम्हीच तसं विचारल्यावर पुढं तोंडच उघडंना."

मॅडम खाली पाट ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "जेवण झालं नाही माझं. भाकरी आहे?" ठेचा खाताना नाक ओढत होत्या. तिखटानं की कशानं, मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या सगळ्यांसमोर सरांना म्हणाल्या, "भांडी मावशीच धुतील. आणि सर, एक दुपार त्या पत्र्याखाली बसून बघा. तुमच्यातूनही कोण उठतं ते कळेल." पोरं हसली. सरही हसले, जरा उशिरानं.

मग कितीतरी उन्हाळे गेले. मागच्या वर्षी मॅडम निवृत्त झाल्या आणि लेकीकडं राहायला गेल्या. शाल-नारळ झाला, फोटो निघाले. मी मागं उभी होते.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या खोलीला कुलूप होतं. मी नेहमीसारखी भांडी धुतली. एकेक भांडं खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं. कुठं डाग नव्हता. तरी सगळी परत एकदा विसळली.