दुकानाबाहेरचा फळा

माझं लिहिणं अळणी आहे, असं म्हणणारे पुष्कळ भेटले. मी वाद घालत नाही. त्यांनी पेणमधल्या आमच्या दुकानाबाहेरचा फळा पाहिलेला नाही, एवढंच.

वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. सगळी आळी त्यांना दादाच म्हणे, आम्हीही. दुकानाच्या भिंतीवर एक काळा फळा टांगलेला असे आणि आळीला सांगायचं ते दादा त्यावर खडूने लिहीत. ‘रेशनवर साखर आली. पिशवी न्या.’ ‘उद्या नळाला पाणी नाही.’ कुणी वारलं तर तेही तिथेच. शेताकडे निघालेल्या माणसाला सायकलवरून पाय न टेकता वाचता आलं पाहिजे, असा त्यांचा हट्ट.

आई निडीजवळच्या गावची. भाताच्या खाचरांत वाढलेली, शाळेचं तोंड न पाहिलेली. ती वाचायला शिकली ती या फळ्यावर. हातातलं सूप कडेला घेऊन ती उभी राहायची आणि एकेका अक्षरावर बोट धरून मोठ्याने वाचायची. दादा पंक्चर काढत असायचे. बरोबर वाचलं की मान वर न करता म्हणायचे, “व्हय.” चुकलं की गप्प. मग ती पुन्हा पहिल्यापासून लावायची. त्यांच्या संसारातला हाच सगळ्यात लाडाचा भाग होता, असं मला आता वाटतं.

दादा पहाटे गेले. मी तेव्हा कॉलेजात होते, निबंधांना बक्षिसं मिळवत होते. म्हणून फळा लिहायचं काम माझ्याकडे आलं. रोह्याहून धाकटे काका आले होते. ते शाळेत मराठी शिकवत. भावावर त्यांचा फार जीव. रडून डोळे सुजले होते, तरी मला मजकूर सांगू लागले, “कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आमचे परमपूज्य, प्रेमळ, परोपकारी...” मी लिहीत गेले. त्यात खोटं काहीच नव्हतं. दादांना एवढं तरी द्यायलाच हवं, असं मलाही वाटत होतं.

आई बाहेर आली. बायांनी तिला धरलं होतं. त्यांचे हात तिने सोडवले. पहिल्या शब्दावर बोट ठेवलं आणि अडली. पुन्हा ठेवलं, पुन्हा अडली.

“काय लिवलंस गो?”

“दादांचंच आहे, आई. मी वाचून दाखवते.”

“नको. ह्या फळ्यावरचं मी कोणाकडनं ऐकलेलं नाय. ह्यांचं पण मीच वाचीन. मला येल असं लिव.”

काकांनी स्वतः ओला फडका आणून फळा पुसला. मी लिहिलं, ‘दादा आज पहाटे गेले. दहा वाजता घरून नेऊ. दुकान बंद आहे.’

मघाच्या विशेषणांमागे मला लपता येत होतं. आता ‘गेले’ हा शब्द माझ्याच हातून उतरला होता आणि त्याच्या आडोशाला काही नव्हतं.

आईने बोट ठेवलं. अक्षरं लावत तिने तिन्ही वाक्यं वाचली, मोठ्याने, रोजच्यासारखी. ‘गेले’पाशी थांबली, पण अडली नाही. शेवटचा शब्द झाला आणि सवयीने तिची मान दुकानाच्या बंद दाराकडे वळली. ती तशीच वाट पाहत उभी राहिली.

काका भिंतीकडे तोंड करून रडत होते. कुणीतरी बोलायला हवं होतं.

मी म्हटलं, “व्हय.”