मिल्टनच्या कोर्टातली माझी सही

मला गाडी चालवायला फार आवडायचं, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं म्हणजे बाईचं रडगाणं वाटेल. किती आवडायचं, तर फ्रिजमध्ये अर्धा कार्टन दूध असताना मी "दूध संपलं हं" म्हणून किल्ली उचलायची. आम्ही देश सोडून आलो ते मिल्टन तेव्हा एवढंसं गाव होतं. बाहेर पडलं की दोन्हीकडे मक्याची शेतं आणि सरळसोट रस्ता. लायसन्स मी पहिल्या खेपेला काढलं. ह्यांना तीन खेपा लागल्या होत्या, आणि ती गोष्ट चारचौघांत काढायची नाही असा आमच्या घरचा कायदा होता.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ती वर्षं. स्कूल बससाठी ड्रायव्हर हवेत अशी जाहिरात आली आणि मी कुणालाही न विचारता फोन केला. मुद्दाम पँट घालून गेले, तरी बसच्या यार्डातल्या म्हाताऱ्या सुपरवायझरनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलंच. मग म्हणाला, त्या दोन पिंपांच्या मधून बस मागे घ्या. घेतली. पिंपाला साधा धक्का नाही. तो हसला आणि म्हणाला, माझ्या अर्ध्या पोरांना हे जमत नाही. आता फक्त तुमचं ड्रायव्हिंग रेकॉर्ड मागवतो, स्वच्छ असलं की झालं.

स्वच्छ असणारच! मी आयुष्यात कधी पिवळ्या दिव्यात गाडी घातली नव्हती.

घरी येऊन सगळ्यांना सांगितलं. सगळे म्हणजे हे, आमची सहा वर्षांची मुलगी, आणि बेसमेंटमध्ये राहणारे भाऊजी आणि जाऊ. ह्यांचा हा धाकटा भाऊ बायकोला घेऊन पाहुणा म्हणून आला होता, इथेच राहायचं ठरवून त्यानं पक्क्या कागदांसाठी अर्ज केला होता, आणि आम्ही सगळे त्या कागदांची वाट बघत होतो. जाऊ माझ्याहून लहान, लाघवी, दिवसभर "ताई, ताई" करत मागे मागे. तिला मी गाडी शिकवत होते. अजून परीक्षा दिली नव्हती तिनं, पण हात चांगला बसला होता. मी बसचं सांगितलं तेव्हा टाळी वाजवून म्हणाली, "अय्या ताई, खरंच?" हे मान खाली घालून जेवत होते. "बघ बाई, झेपत असेल तर," एवढंच म्हणाले. मी त्याला होकार समजले. कपाळ माझं.

आठवड्यानं सुपरवायझरचा फोन आला. आवाज बदललेला. "मॅडम, तुम्ही गेल्या फॉलमध्ये, म्हणजे पानगळीत, लाल दिवे लावून थांबलेल्या स्कूल बसला ओलांडून गेलात. गुन्हा कबूल केलाय तुम्ही. मी मुलं कशी देऊ तुमच्या ताब्यात?"

मी हसलेच. म्हटलं, अहो, दुसऱ्या कुणाचं असेल, आमची नावं तुमच्या लोकांना कळत नाहीत. तो भला माणूस. म्हणाला, तसं असेल तर कोर्टात जाऊन निस्तरून आणा, शुक्रवारपर्यंत जागा ठेवतो.

दुसऱ्याच दिवशी गेले. काउंटी कोर्टाची दगडी इमारत गावातच होती, रोज तिच्यासमोरून जायची, पण आत पाऊल टाकायची वेळ आली नव्हती. काउंटरवर पिकल्या केसांची क्लार्क बाई. तिकिटाचा, म्हणजे पोलिसानं फाडलेल्या दंडाच्या पावतीचा, नंबर विचारला. नंबर कुठला? तिकीटच पाहिलं नव्हतं मी! मग नावावरून शोध सुरू झाला. आडनावाच्या खणात कार्ड नाही. माझ्या नावाच्या खणात नाही. बाईनं माझ्या लायसन्सवरची तीन नावं बोटानं मोजली, मधल्या नावावर थांबली आणि तिसरा खण ओढला. सापडलं. आपल्याकडे बाईच्या नावामागे नवऱ्याचं नाव लावतात, तेच कुणीतरी आडनाव समजून लावून ठेवलं होतं. म्हणजे माझा गुन्हासुद्धा ह्यांच्या नावाखाली! मला तेव्हाही हसू आलं. शेवटचं.

तिनं फाइल आणून उघडली. तिकिटावर माझा लायसन्स नंबर, आमचा पत्ता, आमच्या गाडीचा नंबर. मागच्या बाजूला 'गुन्हा कबूल' या चौकटीत खूण, आणि खाली सही.

मराठीत.

मी सही मराठीतच करायची. बँकेत हसायचे, करोत. इथे आल्यावर जे जे सोडावं लागलं त्यातलं हे एक मी सोडलं नव्हतं. पण मी आधी अक्षरं लिहिते आणि मग वरून एका दमात रेघ ओढते. ही सही करणाऱ्यानं आधी रेघ ओढली होती आणि दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी अक्षरं एकेक करून खाली टांगली होती. अशी अक्षरं मी ओळखणार नाही? लग्न ठरल्यापासून इथे येईपर्यंत दोन वर्षं त्याच अक्षरातली निळी पत्रं मी उशाशी ठेवून झोपले होते.

"ही सही तुमची का, डियर?" बाईनं विचारलं. तिला काय, माझी आणि ती, दोन्ही सारख्याच वेलबुट्ट्या. मी त्या रेघेवरून बोट फिरवत राहिले. ती हळू आवाजात समजावत राहिली. सही तुमची नसेल तर न्यायाधीशासमोर शपथेवर लिहून द्या, केस पुन्हा उघडेल. तिकीट देणाऱ्या पोलिसाला बोलावतील, गाडीत कोण होतं, सही कुणी केली, सगळं विचारतील. तुमची असेल तर ठपका तीन वर्षं राहील. तिनं शपथेचा कोरा फॉर्म दिला. तो पर्समध्ये घालून मी घरी आले. कशी आले, आठवत नाही.

चहाची वेळ होती. सगळे टेबलाशी. मी फॉर्म मधोमध ठेवला आणि ह्यांना विचारलं, "माझी सही करायला कधी शिकलात?"

ह्यांनी कप खाली ठेवला. मग जाऊच रडायला लागली आणि सगळं बाहेर आलं. फॉलमध्ये मी तापानं पडले होते तेव्हा ही बया खणातलं माझं लायसन्स घेऊन, माझी गाडी काढून ग्रोसरीला गेली. पुढे चाललेली स्कूल बस थांबली, लाल दिवे लागले. इथे तेव्हा सगळ्या गाड्यांनी जागीच थांबायचं असतं. आपल्याकडे थांबलेल्या बसला वळसा घालून पुढेच जायचं असतं, ती गेली. पोलिसानं अडवलं. लायसन्सवर तेव्हा फोटो नसायचा. साडीवर कोट, कपाळाला कुंकू, त्याला मी काय नि ती काय! तिकीट माझ्या नावावर फाडलं. भाऊजींनी ते भावाच्या हातात दिलं, भावानं सही ठोकून पोस्टात टाकलं. मागाहून आलेलं सरकारी पत्रही ह्यांनीच परस्पर गिळलं.

"तुला तापात कशाला त्रास द्यायचा म्हणून सांगितलं नाही," हे म्हणाले.

"ताप तीन दिवसांत उतरला होता माझा."

"अगं, तुझं काय बिघडणार होतं? तू घरात असायचीस. त्यांचे कागद अडकले असते."

तुझं काय बिघडणार होतं. वर्षं गेली, पण हे वाक्य अजून कानात तापतं. सहीचं एकवेळ मी सोडून दिलं असतं. पण ह्या माणसानं सही करताना खरोखर विचार केला होता, नीट हिशोबी विचार, आणि त्यात माझ्या बाजूला बिघडण्यासारखं काही सापडलंच नव्हतं.

"आणि मी बसचं सांगितलं तेव्हा?"

"वाटलं, तुला घेणारच नाहीत."

जाऊनं माझे पाय धरले. "ताई, आम्हाला परत पाठवतील हो." भाऊजी बशीतल्या चहाकडे बघत होते. हे उठले, फॉर्म उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "जा. शपथेवर सांग. माझ्या भावाला विमानात बसवून ये." असं बोलले की जणू बनावट सही मीच केली होती!

दोन दिवस तो फॉर्म माझ्या पर्समध्ये होता. स्वयंपाक केला, वाढला. पोळ्या करपल्या, त्याही मुकाट्यानं खाल्ल्या त्यांनी. मुलीला जाऊ वेणी घालून द्यायची आणि मुलगी तिच्या मांडीवरून उठायची नाही. शुक्रवारी मी कोर्टात गेले. क्लार्क बाईनं मला ओळखलं, फाइल स्वतःहून काढली.

"माझीच आहे सही," मी म्हटलं.

तिनं फाइल माझ्याकडे वळवली. "शुअर?"

"शुअर."

तिथूनच यार्डाला फोन केला. म्हातारा म्हणाला, वाईट वाटलं, मॅडम. त्याला खरंच वाटलं असावं. घरात मात्र सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. जाऊनं शिरा केला. हे म्हणाले, "मला ठाऊकच होतं, तू समजूतदार आहेस." तो शिरा मी सिंकमध्ये टाकला, सगळ्यांदेखत.

त्यांचे कागद झाले. जाऊनं परीक्षा दिली, पास झाली, दोन गल्ल्या सोडून त्यांनी घर घेतलं. मी एका लाँड्रीत इस्त्रीच्या कामाला लागले. दोन वर्षांनी यार्डाची पुन्हा जाहिरात आली. मी ती वाचून रद्दीत टाकली. जाऊनं अर्ज केला. गाडी मागे घ्यायला मीच तर शिकवलं होतं तिला, आणि रेकॉर्ड कसं, धुतल्या तांदळासारखं. मला येऊन म्हणाली, "ताई, तुम्हाला चालेल ना?" मी म्हटलं, मला काय विचारतेस, मला कधी कुणी विचारलंय?

तिला आमच्याच भागाचा रूट मिळाला. मुलगी खिडकीतून ओरडायची, "मम्मी, काकू इज हिअर!" आणि दप्तर घेऊन धावत सुटायची. मी लाँड्रीला निघायची तेव्हा पुष्कळदा तीच बस पुढे असायची. कोपऱ्यावर थांबायची, लाल दिवे उघडझाप करायचे, मुलं रस्ता ओलांडायची. जाऊ आरशातून मला हात करायची. मीही करायची. आणि दिवे विझेपर्यंत ब्रेकवर पाय दाबून मागे उभी राहायची. थांबलेल्या बसला ओलांडल्याचा गुन्हा माझ्या नावावर होता. पुन्हा चूक झाली असती तर माझं कुणी ऐकून घेतलं नसतं.