एका छपराखालच्या तीन चुली

कमलाकांत तांडेल नवापूरचा. बापाचं आयुष्य मासेमारीत गेलं, हा मात्र शिकून ग्रामसेवक झाला. एक्याऐंशी साली त्याच्याकडे डोंगरातला करवंदपाडा आला आणि सोबत घरोघरच्या उत्पन्नाची पाहणी. ज्याचं वर्षाचं उत्पन्न साडेतीन हजाराच्या आत, त्याला सरकारी बकऱ्या मिळणार होत्या.

काम दोन दिवसांचं होतं. त्याने ते एका दिवसात उरकलं. पाड्याच्या तोंडाशी दगडावर बसला आणि एकेका घरातल्या माणसाला बोलावून लिहीत गेला. आत एकाही घरात गेला नाही. नवापूरला तीन भाऊ एका होडीवर जात, पैसा आईच्या हातात येई, जेवण एकत्र. म्हणून त्याने छप्पर एक तर कुटुंब एक, असं धरलं. बुधा, चिंतू, मंगळ्या या तीन भावांची कमाई एकत्र लिहिली. बेरीज चार हजार तीनशे. नाव कटलं.

ब्याण्णव साली पुन्हा पाहणी निघाली, पुन्हा त्याच्याकडेच. मर्यादा आता अकरा हजार. तो तिघा भावांच्या ओट्यावर टेकला, तर चिंतूची बायको ठकी दारातच होती.

"भाऊसाब, बाहेर काय बसतोस? आत ये, पाणी पी."

तो वाकून आत गेला. तीन कोपऱ्यांत तीन चुली होत्या. एकीवर भात रटरटत होता. ठकीची थंड.

"जावेनं शिजवलाय की. तुझी का पेटली नाय?" त्याने विचारलं.

"तिची चूल तिची, माझी माझी. लगीन झालं का आमच्यात चूल येगळी. माझी बावीस वर्षं झाली."

त्याने तांब्या खाली ठेवला. तीन चुली म्हणजे तीन कुटुंबं, त्याने एकच लिहिलं होतं.

"मागं तू आलेलास ना, तवा बकऱ्या नाय भेटल्या," ठकी हसत म्हणाली. "बोलले, तुमचं उत्पन्न मोठं हाय! आमी लय हसलो. मंग मुकादमाची उचल घेतली, गेलो वसईकडं वीटभट्टीवर. लाडकी चौथीत होती. तिला कोणाकडं ठेवणार? नेली. आता लगीन झालं तिचं, तरी भट्टीवरच हाय."

कमलाकांत उठला. तीन दिवस घरोघर आत जाऊन चुली मोजत, चुलीगणिक फॉर्म भरत राहिला. करवंदपाड्यात जवळजवळ प्रत्येक छपराखाली दोन, नाहीतर तीन.

गावाचं उत्पन्न काढायची कचेरीची रीत साधी होती. सगळे फॉर्म कमीकडून जास्तीकडे लावायचे आणि बरोबर मधला उचलायचा. मधला निघाला चार हजार शंभरचा. साहेबांनी जुना कागद शेजारी ठेवला. त्यावर मधलं घर चार हजार तीनशेचं.

"तांडेल, अकरा वर्षांत महागाई कुठल्या कुठे गेली. बोईसरला कारखान्यांची रांग लागली. आणि तुमचा पाडा दोनशे रुपयांनी गरीब झाला?"

"जुना आकडा चुकीचा आहे, साहेब."

"कोणी काढला होता?"

"मीच."

साहेबांनी दार लोटून घेतलं. "मागच्यासारखीच छपरं मोजा. मधलं घर बारा हजाराच्या पुढे जाईल. वाढ दिसेल, कोणी विचारणार नाही. खरं लिहाल तर चौकशी लागेल. निवृत्तीला किती राहिलं?"

"दीड वर्ष."

"मग?"

छपरं मोजली तर ठकीचं नाव पुन्हा कटणार होतं. रात्री बायको नलू एवढंच म्हणाली, "पेन्शनीला हात लागला तर आपून खायाचं काय?" सकाळी त्याने चुलींचे फॉर्म दिले. सोबत अर्ज जोडला: एक्याऐंशीची पाहणी मी घरात न शिरता केली, ती धरू नये.

शिक्षा झाली. वेतनवाढ थांबली, त्याने पेन्शनही कायमची कमी बसणार होती. ठकीचं नाव यादीत आलं. तो तिला सगळं सांगायला गेला. ती ऐकत राहिली. हसली नाही.

"माजं काय, गेलं ते गेलं. लाडकीला सांग."

माघात तो वसईकडे उतरला. भट्टी शोधायला दुपार झाली. लाडकी एकवीस वर्षांची, डोक्यावर दहा कच्च्या विटा.

"तुझ्या पाड्याचा जुना ग्रामसेवक मी. तुझ्याशी बोलायचंय."

"चालता चालता बोल. खेपेवर पैसं हायेत."

तो तिच्या बाजूने चालत बोलला. चौथी, चूल, फॉर्म, बकऱ्या. विटा पाडायच्या थळ्यापासून भट्टीपर्यंतच्या अंतरात सगळं सांगून संपलं. तिने विटा एकेक करून उतरवल्या, चुंबळ सारखी केली.

"आत यायला किती येळ लागला असता?"

"घरागणिक पाच मिनिटं."

"बरं," ती म्हणाली आणि पुढच्या खेपेला वळली.