गोल झालेला कप्पा

ओली फिल्म खिडकीसमोर धरण्याआधी आमच्या डॉक्टरबाई म्हणायच्या, "थांब रे, आधी बसू दे मला."

सत्तरच्या दशकात सांगलीच्या एका इस्पितळात मी एक्स-रे काढायचो. सकाळपासून माणसं तपासून बाई दुपारी माझ्या खोलीत येत, तेव्हा त्यांच्यात उभं राहण्याचंही त्राण नसे. तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं. दमलेली, तरी घरी न जाणारी.

एकदा शिराळ्याकडची एक बाळंतीण आली. तान्ही मुलगी सासूच्या मांडीवर, आणि हिला दोन पायऱ्या चढल्या की, आडवं झालं की धाप. फिल्मवर हृदयाची सावली छातीभर पसरलेली. बाईंनी सासूला विचारलं, "ओलं लुगडं पिळताना कसं धरता?"

"लांब धरून. का वं?"

"आणि बोळा करून धरलं तर?"

"पानी न्हाई निघत."

"हिच्या हृदयाचा कप्पा लांबट होता, तो फुगून गोल झालाय. त्याला पिळा बसत नाही, रक्त पुढं जात नाही. औषध देते, पण काही महिने हिला इथंच निजवून ठेवायचं."

"आन् घरातलं कोन करंल?"

"तुम्ही," म्हणून बाईंनी डोळे मिटले.

सासू सुनेला न्यायला येई, भांडण काढी. बाई भांडत नसत; थकल्या आवाजात तेच पुन्हा सांगत. हळूहळू सावली आक्रसली, खाली टोक धरू लागली. "आलं गं बाई वळणावर," त्या फिल्मलाच म्हणाल्या.

फौजेतला नवरा रजेवर आला. बाईंनी त्याला समोर बसवलं. "आता दुसरं मूल नको. परत कप्पा फुगला तर ही वाचायची नाही."

सासू कळवळली. "एकच पोरगी हाय वो! वंशाला कोन?"

त्यानं आईचा हात धरला. मग म्हणाला, "आये, गप. डॉक्टरीनबाई, हिला आनिक तरास नगं. माजंच ऑपरेशन करा."

बाईंनी चष्मा काढून पुसला आणि परत घालायच्या विसरल्या.

दोनेक वर्षांनी बाई वारल्या. हे ठाऊक नसलेली ती सून मुलीला घेऊन त्यांना भेटायला आली. मी सांगितलं तशी तिनं मुलीला जवळ घेतलं. मग म्हणाली, "त्यांची वरची खोली तरी बगून येते." मुलीला कडेवर घेऊन ती जिना चढली. मी खाली उभा राहून ऐकत होतो. पावलं वरपर्यंत एका लयीत गेली. कुठंच थांबली नाहीत.