तोंड धुवून ये

माझ्या ओठाच्या कोपऱ्यात पहिला पांढरा डाग आला तेव्हा मी आठवीत होते. आईला वाटलं, काजूच्या सालीचं तेल लागलं असेल. आमच्या लाटंबार्शात काजूच्या हंगामात हातातोंडावर असे चट्टे पडतात आणि पावसाळ्यापर्यंत जातात. माझा गेला नाही. दहावीपर्यंत तो हनुवटीवर उतरला आणि डाव्या डोळ्याखाली आणखी एक उठला. डिचोलीच्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि स्पष्ट सांगितलं, "हे दुसऱ्याला लागत नाही, दुखत नाही. पण जाईलच, असं नाही." आईनं त्यातलं शेवटचं तेवढं ऐकलं.

मग रोज सकाळी आई पावडरीत हळद आणि चिमूटभर तांबडी काव मिसळून माझ्या कातडीचा रंग जुळवायला लागली. ते कालवायची वाटी तिनं वेगळीच ठेवली होती. घरात 'कोड' हा शब्दच निघत नसे. पाठीवर धाकटी बहीण होती, तिचं लग्न व्हायचं होतं. मी बोलताना मान खाली घालायची सवय लावून घेतली. हसू आलं की रुमाल. आमचा आरसा तळहाताएवढा, जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, खिळ्याला अडकवलेला. त्यात चेहरासुद्धा अख्खा मावत नसे. मी डाग तेवढे बघायचे.

बारावीनंतर पेडण्याची मावशी आली. म्हणाली, "तुयेक औषधांच्या फॅक्टरीत पॅकिंगाक चेडवां घेतत. माझ्याकडे ऱ्हव आणि जा." तुये तिच्या गावाजवळच. मुलींच्या त्या मुलाखतीला मी पावडरीचा दुहेरी थर लावून गेले. नोकरी मिळाली.

पहिल्याच सकाळी आम्हा नव्या मुलींना एका रांगेत उभं करून सुपरवायझर बाईंनी नियम सांगितले. बांगड्या नकोत, फूल नको, काजळ नको, नखं कापलेली हवीत. "आणि पावडर असात ती आताच धुवून टाका. औषधात उडता ती."

बाकीच्या मुली हसत नळाकडे गेल्या, तोंड धुवून आत गेल्या. मी नळ चालू करून नुसती उभी राहिले. पेडण्याला जाणारी बस फाटकासमोरूनच सुटते, एवढंच डोक्यात येत होतं. बाई मला शोधत बाहेर आल्या.

"काय झाला गो? अजून धुवूक नाय?"

"बाई, माझ्या तोंडावर कोड आहे."

तो शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारला. बाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं.

"डॉक्टराक दाखयलंस?"

"होय. लागण होत नाही म्हणाले."

"मगे? तोंड धुवून ये. लाइन सुरू जातली."

आणि त्या वळून गेल्यासुद्धा. कीव नाही, नवल नाही. मी पाण्याचे हबके मारत होते आणि मला रडू यायच्या ऐवजी चक्क हलकं वाटत होतं.

आत कपडे बदलायच्या खोलीत भिंतीवर माणसाएवढा आरसा होता. टोपीतून केस बाहेर येत नाहीत ना, एप्रनची बटणं नीट आहेत ना, हे प्रत्येकीनं त्यात बघून पुढं जायचं. मी कधी स्वतःला डोक्यापासून पायांपर्यंत पाहिलंच नव्हतं. आरशात एक उंच, पोक काढून उभी असलेली मुलगी होती. मागून बाई म्हणाल्या, "खांदे मागे." मी मागे घेतले. बरी दिसले.

सगळं सोपं झालं असं नाही. जेवणाच्या सुट्टीत मास्क उतरला की एक बाई ताट उचलून दुसऱ्या बाकावर जायची. फॅक्टरीच्या डॉक्टरांनी तिला समजावलं, तरी बरेच दिवस जायची. कित्येक महिने मी सुटताना पुन्हा पावडर लावूनच बसमध्ये चढायचे. पण रोज पहाटे केस घट्ट विंचरायचे, एप्रन धुवून इस्त्री करायची, त्या आरशासमोर ताठ उभं राहायचं, हे अंगवळणी पडत गेलं. कुणी विचारलं तर सरळ उत्तर द्यायचं, हेही. हळूहळू पावडर लावायचा कंटाळा यायला लागला आणि एक दिवस ती राहूनच गेली.

मग बहिणीला बघायला दोडामार्गाकडचं स्थळ येणार असं ठरलं. आईनं निरोप पाठवला, ह्या रविवारी घरी येऊ नको. मी समजले आणि न जायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी मावशीच्या शेजारच्या फोनवर बहीण बोलली, "ताई, तू आली नाहीस तर मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर येणार नाही."

मी गेले. आई दारातच वाटी घेऊन उभी होती. "आजचा एक दिस," ती म्हणाली.

"आई, लग्नानंतर त्यांना कळलं, तर बोलणी कोण खाणार? हीच ना?"

आईनं वाटी खाली ठेवली.

पाहुणे बसले. मी पाणी घेऊन गेले तेव्हा मुलाच्या आईनं माझ्याकडे निरखून पाहिलं. "चेडवा, ह्या तोंडार काय?"

"कोड. आठवीत असल्यापासून आहे. कुणाला लागत नाही. घरात दुसऱ्या कुणाला नाही." माझा आवाज हलला नाही, ह्याचं मलाच आश्चर्य वाटलं.

त्यांनी माझ्या हातातला पेला घेतला. मग म्हणाल्या, "बरा केलास सांगितलंस. लपवलेला माका चलना नाय." आणि लगेच मला फॅक्टरीत काय काम असतं, पाळी किती वाजता सुटते, विचारत बसल्या. बहिणीपेक्षा जास्त त्या माझ्याशीच बोलल्या.

तरी होकार येईपर्यंतचे दिवस अवघड गेले. आईनं देवाला नारळ बोलून ठेवला. पुढच्या रविवारी मध्यस्थ अंगणात आला तो पेढे घेऊनच. आई पायरीवर मटकन बसली आणि पदरात तोंड खुपसून रडली. मग माझी हनुवटी हातात धरून म्हणाली, "माकाच भंय होता गो. तुका नाय."

सोमवारी पहाटेच्या बसनं मी तुयेला निघाले. पूर्वी मी प्रवासात कधी डोळा मिटत नसे. झोपेत मान कलली तर लोक बघतील, ही धास्ती असायची. त्या दिवशी शेजारच्या कोळणीला फॅक्टरीपाशी उतरायचंय एवढं सांगितलं आणि वाटेवरचं अस्नोडा येण्याआधीच झोप लागली. उठवलं ते त्या कोळणीनंच, माझं डोकं आपल्या खांद्यावरून अलगद सरकवत.

"उतर गो," ती म्हणाली, "तुझी फॅक्टरी इली."